पेटीतली अर्धी शाल

छंद कोणताही असो, त्याचा आरंभ सोपा असतो. शेवटास नेणे कठीण. आरंभ करून सोडून देणाऱ्या माणसाला आपल्या भाषेत आरंभशूर म्हणतात, आणि हा शब्द उच्चारताना आपण बहुधा दुसऱ्याकडे बोट दाखवतो. पण आपापल्या घरचे कपाट उघडून पाहावे. एका बाहीचा स्वेटर, निम्म्यावर राहिलेला मेजावरचा रुमाल, सुईसकट गुंडाळून ठेवलेले बाळाचे टोपडे, असे काही निघणार नाही ते घर विरळाच. क्रोशाकाम आणि अशी अर्धी राहिलेली कामे याविषयी आज वाचक भगिनींशी, आणि बंधूंशीही, चार शब्द बोलावेत असे मनात आहे. निमित्त घडले ते शाळेच्या मोठ्या सुटीत आम्ही इंग्लंडला गेलो तेव्हा.

लंडनच्या दक्षिणेला क्रॉयडन म्हणून मोठी वस्ती आहे. तेथे आमची मावशी राहते. त्या काळी आपल्या मॉरिशस बेटावरून पुष्कळ तरुण मुले-मुली परिचारिकेचे शिक्षण घेण्यासाठी इंग्लंडच्या इस्पितळांत गेली; मावशी त्यांतलीच एक. १९७१ साली ती गेली तेव्हा वीस-एकवीस वर्षांची होती. परिचारिकांच्या वसतिगृहात एका वडीलधाऱ्या सहकारिणीने तिच्या हाती क्रोशाची सुई दिली. रात्रपाळी संपवून आल्यावर डोळे मिटत नसत, घरची आठवण येई, तेव्हा ती चार ओळी विणी आणि मग झोपे. पुढे संसार झाला, मुले झाली, निवृत्ती आली. सुई हातात राहिली. आता मात्र संधिवाताने बोटे आखडली आहेत. आम्ही पोहोचलो त्याच आठवड्यात तिने पलंगाखालची पेटी ओढायला सांगितली आणि म्हणाली, "अगं, तू मास्तरीण आहेस. माझ्या या अर्ध्या कामांचा निकाल लाव."

पेटीत सात कामे निघाली. त्यांची हकीकत पुढे येईलच. आधी या छंदाविषयी थोडेसे.

क्रोशे हा शब्द फ्रेंच. त्याचा अर्थ लहान आकडा, हे आपल्या बेटावरच्या वाचकांना सांगायला नको. दोन सुयांच्या विणकामात पुष्कळ टाके एकाच वेळी सुईवर जिवंत असतात. सुई निसटली की ओळच्या ओळ सुटते. क्रोशात एका वेळी एकच फास जिवंत असतो. त्यामुळे हे काम केव्हाही थांबवता येते आणि केव्हाही पुन्हा उचलता येते. डाळ शिजेपर्यंत दोन ओळी, बसची वाट पाहताना एक. साखळी, मुका खांब, अर्धा खांब आणि खांब, एवढे चार टाके आले की शाल, टोपी, तोरण, दुपटे, काय वाटेल ते करता येते. साहित्यही थोडे: एक आकड्याची सुई आणि एक लोकरीचा गुंडा. मोजणी करताना मनातली इतर गडबड आपोआप शांत होते, हा अनुभव विणणारी प्रत्येक बाई सांगेल.

पण हे काम नेहमी छंदच होते असे नाही. १८४५ नंतर आयर्लंडमध्ये बटाट्यावर रोग पडला आणि मोठा दुष्काळ आला, तेव्हा मठांतल्या जोगिणींनी आणि काही परोपकारी स्त्रियांनी गरीब घरांतल्या बायका-मुलींना क्रोशाची जाळी शिकवली. ती जाळी विकून कितीतरी कुटुंबांनी पोट भरले. त्याच दशकात मादमोझेल रिएगो द ला ब्रांशार्दिएर या बाईंनी इंग्लंडमध्ये क्रोशाच्या नमुन्यांची पुस्तके छापायला सुरुवात केली. राणी व्हिक्टोरियाही क्रोशे विणत असे. १९०० साली, वयाची ऐंशी वर्षे झाली असताना, दक्षिण आफ्रिकेच्या युद्धातील निवडक सैनिकांसाठी तिने स्वतःच्या हाताने आठ गळपट्टे विणले होते. भुकेलेली आयरिश बाई आणि सिंहासनावरची राणी, दोघींच्या हाती सुई एकच.

आपल्या पूर्वजांच्या भारतातही आंध्रमधील नरसापूर येथे मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात ही कला नेली आणि ती तेथे मोठा घरगुती धंदा झाली. मारिया मीस या जर्मन विदुषीने १९८२ साली त्या कारागीर स्त्रियांवर पुस्तक लिहिले. घरी बसून रिकाम्या वेळात विणणाऱ्या गृहिणी, असे म्हणून त्यांचे काम कोणी काम मानत नव्हते, आणि जाळी मात्र परदेशच्या बाजारात जात होती, हे तिने दाखवून दिले. आजही बाजारात विकले जाणारे खरे क्रोशाकाम हातानेच विणलेले असते. म्हणून दुकानात अगदी स्वस्त क्रोशाचा झगा दिसला, तर तो कोणाच्या तरी बोटांनी टाका टाका करून विणला आहे आणि त्या बोटांना काय मिळाले असेल, एवढा विचार मनात यावा. छंद म्हणून विणणारीला हे विसरून चालणार नाही. आपल्याला थांबण्याची मुभा आहे. पोटासाठी विणणारीला ती नसते.

विलायतेत आज या छंदाला पुन्हा भर आला आहे. १९७८ साली तेथे निटिंग अँड क्रोशे गिल्ड नावाची संस्था स्थापन झाली. जुने नमुने, पुस्तके आणि हातकाम ती जपून ठेवते. सार्वजनिक वाचनालयांत आणि चर्चच्या दिवाणखान्यांत आठवड्यातून एकदा बायका, क्वचित पुरुषही, विणायला आणि बोलायला जमतात. आम्ही गेलो तेव्हा नाताळ जवळ आला होता. रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या लाल टपालपेटीच्या डोक्यावर कोणी तरी क्रोशाची टोपी घातली होती आणि तिच्यावर विणलेले हरिण उभे होते. पाहून हसू आले आणि बरेही वाटले.

आता मावशीच्या पेटीकडे वळू. एकेक काम बाहेर काढून आम्ही तिला एकच प्रश्न विचारीत गेलो: हे का थांबले? कारण कळल्याशिवाय उपाय सुचत नाही. वर्गातल्या मुलाचे असो की लोकरीचे, नियम तोच.

पहिली होती एक बंडी. ती नमुन्याबरहुकूम विणूनही भलतीच आखूड होत गेली म्हणून सुटली होती. नमुना पाहिला तो अमेरिकन पुस्तकातला! येथे पुष्कळ जणी फसतात. आपण ज्याला मुका खांब म्हणतो त्याला इंग्रज लोक डबल क्रोशे म्हणतात आणि अमेरिकन लोक सिंगल क्रोशे. आपला खांब म्हणजे इंग्रजांचा ट्रेबल, पण अमेरिकनांचा डबल. नाव एक, टाके दोन. अमेरिकन नमुन्यातला डबल क्रोशे म्हणजे इंग्रजांचाच डबल असे समजून मावशीने प्रत्येक ठिकाणी एकेक पायरी बुटका टाका घातला होता. म्हणून नमुना हाती घेताना तो कोणत्या देशाचा, हे आधी पाहावे. ही बंडी आम्ही उसवली. उसवलेली लोकर खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळून तिची लड केली, कोमट पाण्यात भिजवून वाळत घातली; वळ्या जाऊन लोकर पुन्हा सरळ झाली. उसवणे म्हणजे हरणे नव्हे. लोकर तर शिल्लक राहतेच, आणि शिकलेले कोणी उसवू शकत नाही.

दुसरे आणि तिसरे काम लोकर संपल्यामुळे थांबले होते. तोच रंग पुन्हा आणावा तर छटा जुळत नव्हती. लोकरीच्या पट्टीवर रंगाच्या घाणीचा क्रमांक छापलेला असतो. एका कामाची सगळी लोकर एकाच क्रमांकाची घ्यावी आणि पट्टी कामाबरोबर ठेवावी. चौथे काम म्हणजे दुहेरी पलंगाची चादर. आरंभ थाटाचा, पण काम डोंगराएवढे. शिक्षकांच्या प्रशिक्षणात आम्हाला शिकवले होते, सोप्याकडून कठीणाकडे जावे आणि पाठाचे लहान लहान घटक पाडावेत. मोठी चादर विणायची तर ती चौकोनांत विणावी. प्रत्येक चौकोन स्वतः पूर्ण असतो. दहा झाले तर उशीचा अभ्रा, वीस झाले तर मांडीवरचे पांघरूण. २०१६ साली चेन्नई येथे मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स या मंडळातील स्त्रियांनी जगातले सर्वांत मोठे क्रोशाचे पांघरूण करून गिनीज पुस्तकात नाव नोंदवले. तेही अनेक हातांनी वेगवेगळे तुकडे विणून, मग जोडूनच झाले. थेंबे थेंबे तळे साचे, ते असे.

पाचवे आणि सहावे काम मावशीला आता आवडतच नव्हते. ज्या कामाकडे पाहिले की कपाळाला आठी पडते ते ठेवण्यात अर्थ नाही. लोकर व सुई एका पिशवीत घालून, नमुन्याचा कागद वर ठेवून, ती आम्ही वाचनालयातल्या विणणाऱ्या मंडळाला देऊन आलो. तेथल्या एका आजीबाईंनी दुसऱ्याच दिवशी काम सुरू केले म्हणे.

राहिली सातवी वस्तू. जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेली करड्या लोकरीची शाल, अर्धीही नाही. फासात सुई तशीच अडकलेली. डांबराच्या गोळ्यांमुळे कसर लागली नव्हती. हे का थांबले, असे आम्ही सवयीने विचारले आणि मावशी गप्प झाली.

ती शाल आमच्या आजीसाठी होती. वाक्वाच्या उंचावर जुलै-ऑगस्टमध्ये गारठा आणि रिमझिम असते, ते आपल्याला ठाऊक आहे. आजीचे गुडघे दुखत. पुढच्या खेपेला येताना घेऊन येते, असे मावशीने पत्रात लिहिले होते. तिकिटाचे पैसे जमायचे होते, रजा मिळायची होती. १९८४ साली तार आली. आम्ही तेव्हा चार वर्षांचे होतो. आम्हाला त्या दिवसाचे अंगणातले लोक तेवढे आठवतात. मावशीला शेवटचे दर्शनही झाले नाही. त्या दिवसापासून शाल पुरी करायची कोणासाठी, आणि उसवायची कोणत्या हाताने, म्हणून ती पेटीत राहिली. चार घरे बदलली. शाल बरोबर गेली.

वाचकहो, अशा वेळी मास्तरकी उपयोगी पडत नाही. आम्हीही गप्पच बसलो.

अमेरिकेत मेसी कॅप्लन आणि जेन सिमॉनिक या दोन मैत्रिणींनी २०२२ साली लूज एंड्स नावाचे काम सुरू केले. विणणारी व्यक्ती निवर्तली, किंवा तिचे हात चालेनासे झाले, तर घरच्यांनी कळवावे. जवळपास राहणारी एखादी स्वयंसेविका, काही मोबदला न घेता, ते अर्धे काम पूर्ण करून परत देते. देशोदेशींचे, ब्रिटनमधलेही, लोक त्यात आहेत. दुसऱ्याच्या हाताने पुरे केले तरी ते काम आरंभ करणाऱ्याचेच राहते, अशी त्यामागची भावना. हे मावशीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "त्यांच्यात तर विणणारी जाते. माझ्यात पांघरणारी गेली."

दोन दिवसांनी तिनेच विषय काढला. तिच्या धाकट्या मुलाला नुकतीच मुलगी झाली होती. बारसे पुढच्या आठवड्यात होते. "शालीची लांबी बघ बरं," ती म्हणाली. मोजली. रुंदी सव्वीस इंच, लांबी तीस. शाल म्हणून ती अर्धीही नव्हती. बाळाचे दुपटे म्हणून मात्र पुरी होती. चाळीस वर्षे जे अपुरे म्हणून ठेवले, ते दुसऱ्या मापाने पूर्णच होते.

करडी लोकर आता कोठे मिळणार? म्हणून कड पिवळ्या रंगाची घेतली. मावशीच्या बोटांत सुई धरवत नव्हती. तिने टाके मोजले, आम्ही विणले. चारी बाजूंनी मुक्या खांबाच्या तीन फेऱ्या, कोपऱ्याला एकाच घरात तीन टाके, म्हणजे कोपरा ओढला जात नाही. जुन्या फासातली सुई काढताना मात्र तिने आमचा हात बाजूला केला आणि तो फास स्वतः बांधला. मग कोमट पाण्यात दुपटे हलक्या हाताने धुतले आणि टॉवेलवर पसरून वाळवले. बारशाला पाळण्यात तेच अंथरले. कोणाला काही सांगितले नाही. मावशीने पाळण्याला हात लावला आणि एकदा आजीचे नाव घेतले, इतकेच.

आमच्या वाचक भगिनींना एवढेच सुचवावेसे वाटते. वर्षातून एकदा, दिवाळीच्या आवराआवरीत म्हणा, अर्धी कामे बाहेर काढावीत आणि प्रत्येकाचा निकाल लावावा: पुरे करणे, माप बदलणे, दुसऱ्याच्या हाती देणे, किंवा उसवणे. जे ठेवायचे त्याच्याबरोबर एक चिठ्ठी ठेवावी: नमुना कोणता, सुईचा नंबर किती, कितवी ओळ चालू आहे, आणि हे कोणासाठी आहे. फासात सुई न ठेवता बंद होणारी टाचणी अडकवावी. चिठ्ठी असली तर दुसरा हात ते काम पुढे नेऊ शकतो. नसली तर मागच्यांना नुसती पेटी मिळते.

आणि जे कोणा वडीलधाऱ्यासाठी विणायला घेतले असेल, ते आधी हातात घ्यावे. पुढच्या खेपेची वाट पाहू नये.