विलीज जीपच्या ब्रेक ड्रमची अकाली झीज

विलीज जीप आणि तिच्या रचनेवर बेतलेल्या जुन्या जीपगाड्यांमध्ये चाकांचे ब्रेक ड्रम अपेक्षेपेक्षा लवकर झिजणे, तडकणे किंवा त्यांचा गोलाकार बिघडणे, याला ब्रेक ड्रमची अकाली झीज म्हणतात. ब्रेकच्या रचनेत लायनिंग हा झिजण्यासाठीच बनवलेला भाग असून ड्रम हा टिकाऊ भाग असतो. एका ड्रमच्या आयुष्यात लायनिंगचे अनेक संच बदलले जाणे अपेक्षित असते. लायनिंगच्या बरोबरीने किंवा त्याच्याही आधी ड्रम निकामी होत असेल, तर ती झीज अकाली समजावी. अशी झीज हा क्वचितच स्वतंत्र दोष असतो. बहुतेक वेळा ती ब्रेकच्या इतर भागांतील बिघाडाचा परिणाम असते. त्यामुळे मूळ कारण न शोधता केवळ ड्रम बदलल्यास नवा ड्रमही त्याच मार्गाने जातो.

पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी विलीज-ओव्हरलँड या कंपनीने १९४१ ते १९४५ या काळात ‘एमबी’ ही चारही चाकांना गती देणारी हलकी गाडी तयार केली. फोर्ड कंपनीने याच रचनेची ‘जीपीडब्ल्यू’ ही गाडी बनवली. युद्धानंतर ‘सीजे-२ए’, ‘सीजे-३ए’ व ‘सीजे-३बी’ ही नागरी रूपे आली. भारतात १९४७पासून महिंद्रा उद्योगसमूहाने मुंबईत विलीज जीपची जोडणी सुरू केली. त्यामुळे या गाड्या महाराष्ट्रात शेती, वनखाते, पोलीस आणि घाटवाहतुकीत दीर्घकाळ वापरात राहिल्या. आज त्यांतील अनेक गाड्या हौशी संग्राहकांकडे आहेत आणि डोंगरवाटांवर चालवल्याही जातात.

या गाड्यांच्या ब्रेकमध्ये एकच द्रवमार्ग असतो. आधुनिक मोटारींत दोन स्वतंत्र मार्ग असल्यामुळे एक निकामी झाला तरी दुसरा काम करतो. जुन्या जीपमध्ये ही सोय नाही. त्यामुळे एका चाकावरील बिघाडातून द्रव गळू लागल्यास चारही चाकांचे ब्रेक जाऊ शकतात. ड्रमच्या झिजेचे निदान हा म्हणूनच केवळ खर्चाचा नव्हे, तर सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

रचना व उष्णतेचा हिशेब

एमबी जीपचा ड्रम आतून ९ इंच, म्हणजे सुमारे २२८.६ मि.मी. व्यासाचा असतो. लायनिंगची रुंदी पावणेदोन इंच असते. प्रत्येक चाकात वरच्या बाजूला एक व्हील सिलिंडर आणि खालच्या बाजूला खिळलेले दोन शू असतात. पेडल दाबल्यावर शू बाहेर सरकून ड्रमच्या आतील पृष्ठभागावर घासतात. ड्रमच्या फिरण्यामुळे पुढचा शू अधिक ओढला जातो व मागचा काहीसा ढकलला जातो. म्हणून पुढच्या शूचे लायनिंग थोडे जास्त झिजलेले आढळणे स्वाभाविक आहे; त्यावरून दोष ठरवू नये.

ड्रम बिडाचा असतो. बिडातील कार्बनचे पातळ पापुद्रे उष्णता चांगली वाहून नेतात व घर्षणालाही अनुकूल असतात. मात्र बीड ताण सहन करण्यात कमकुवत असल्याने तापणे व थंड होणे यांच्या तीव्र चक्रात ते तडकते.

ब्रेक गतीचे रूपांतर उष्णतेत करतो. चालक व थोडे सामान धरून जीपचे वजन १,२०० किलो मानले, तर ताशी ६० किलोमीटर वेगावरून पूर्ण थांबताना सुमारे १६७ किलोज्यूल उष्णता निर्माण होते. हीच गाडी इंजिनाचा रोध न वापरता, केवळ ब्रेकवर, ३०० मीटर उंचीचा उतार उतरली, तर सुमारे ३.५ मेगाज्यूल ऊर्जा ब्रेकना शोषावी लागते. हे प्रमाण ताशी ६० किलोमीटरवरून लागोपाठ २१ वेळा थांबण्याइतके आहे. चारही ड्रममध्ये मिळून २५ किलो बीड आहे असे धरले आणि हवेत जाणारी उष्णता क्षणभर बाजूला ठेवली, तर त्यांचे तापमान सुमारे २८० अंश सेल्सिअसने वाढेल. एवढ्या वाढीने ९ इंची ड्रमचा व्यास सुमारे ०.७ मि.मी.ने फुगतो. त्यामुळे पेडल खाली जाते, शूचा ड्रमशी स्पर्श कमी जागेत होतो आणि त्या जागा अधिक तापतात. प्रत्यक्षात काही उष्णता हवेत जाते; परंतु एखादा शू सतत घासत असेल, तर ड्रमला थंड होण्यास अवधीच मिळत नाही.

झिजेच्या खुणा

ड्रमचा आतील पृष्ठभाग हाच निदानातील मुख्य पुरावा असतो. म्हणून तो पुसण्याआधी व पॉलिश पेपर मारण्याआधी नीट पाहणे आवश्यक असते. शक्य असल्यास छायाचित्र घ्यावे आणि ड्रम कोणत्या चाकाचा आहे हे खडूने लिहून ठेवावे. प्रमुख खुणा व त्यांचे अर्थ पुढीलप्रमाणे आहेत:

• निळसर किंवा काळे डाग: त्या जागी तीव्र उष्णता निर्माण झाली होती. तापमान सुमारे ७३० अंशांपलीकडे जाऊन ती जागा झटकन थंड झाल्यास बिडाची अंतर्गत रचना बदलून अतिशय कठीण ठिपके तयार होतात. ते बाकीच्या पृष्ठभागाइतके झिजत नाहीत, त्यामुळे उंचवटे राहतात व ब्रेक लावताना गाडी थरथरते.

• आडवे बारीक तडे: वारंवार तापणे व थंड होणे यांची ही खूण आहे. उताराने तापलेले चाक ओढ्याच्या पाण्यात उतरवल्यास ही क्रिया वेगाने होते.

• सर्व परिघावर खोल चरे: चिखल, वाळू किंवा खडीची पूड आत अडकली आहे. चरे ठरावीक ओळींतच असतील, तर लायनिंग संपून रिव्हेटची डोकी ड्रमला लागत आहेत.

• बाहेरच्या तोंडाकडे वाढलेला व्यास: ड्रम उष्णतेने व दाबाने घंटेच्या आकारात फाकला आहे.

• एकाच कडेला झीज: शू तिरका बसला आहे, बॅकप्लेट वाकली आहे किंवा चाकाचे बेअरिंग सैल आहे.

• चकचकीत, काचेसारखा पृष्ठभाग: लायनिंग तापून कडक झाले आहे.

• ओलसर, काळा थर: ऑइल, ग्रीस किंवा ब्रेकचा द्रव आत झिरपत आहे.

निदानाची पद्धत

पहिला प्रश्न असा असतो की, दोष एका चाकात आहे, एका आसावर आहे की चारही चाकांत आहे. यावरून शोधाची दिशा ठरते. एकच ड्रम खराब असेल, तर कारण त्या चाकातच असण्याचा संभव जास्त. एकाच आसाचे दोन्ही ड्रम खराब असतील, तर त्या आसाकडे जाणारी सामाईक रबरी नळी संशयास्पद ठरते. चारही ड्रम तापत असतील, तर मास्टर सिलिंडर, पेडल किंवा चालवण्याची पद्धत तपासावी लागते. एमबी जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसमागील शाफ्टवर असतो. त्यामुळे तो ओढलेला राहिला, तर त्याचा स्वतःचा पट्टा वा ड्रम तापतो; चाकांच्या ड्रमचे कारण अन्यत्र शोधावे लागते.

गाडी सपाट जागेवर उभी करून, चाकांना ओट लावून व चासीला भक्कम आधार देऊन एकेक चाक उचलतात. बहुतेक जुन्या विलीज गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांचे आटे उलटे असतात, हे सोडवताना लक्षात ठेवावे. पेडल काही वेळा दाबून सोडल्यावर चाक हाताने फिरवून पाहतात. ते अडखळत असेल, तर पुढील क्रमाने तपासणी केली जाते:

१. व्हील सिलिंडरवरील हवा काढण्याचा स्क्रू किंचित सैल करावा. चाक मोकळे झाल्यास द्रवाचा दाब अडकला होता असे समजते. मोकळे न झाल्यास दोष यांत्रिक आहे: तुटलेली स्प्रिंग, गंजलेला पिस्टन, अडकलेला शू किंवा चुकीची जुळवणी.

२. दाब अडकलेला असल्यास, पुन्हा पेडल दाबून, रबरी नळी व धातूची नळी यांचा मास्टर सिलिंडरकडील सांधा सैल करावा. चाक मोकळे झाल्यास दोष मास्टर सिलिंडरच्या बाजूस आहे. मोकळे न होता केवळ चाकाजवळील स्क्रूने मोकळे होत असल्यास रबरी नळी आतून फुगून बंद झाली आहे. अशी नळी बाहेरून चांगली दिसू शकते.

३. दोष मास्टर सिलिंडरकडे असल्यास प्रथम पेडलची मोकळी चाल मोजावी. पिस्टनला दांडी लागण्यापूर्वी पेडल सुमारे अर्धा इंच मोकळे हलले पाहिजे. ही चाल नसल्यास द्रव परतण्याचे बारीक छिद्र झाकलेले राहते, द्रव तापून प्रसरण पावतो व ब्रेक आपोआप लागू लागतात.

या मास्टर सिलिंडरमधील झडप मार्गात थोडासा दाब मुद्दाम राखून ठेवते. त्यामुळे स्क्रू उघडताच द्रवाचा लहानसा फवारा येणे हा दोष नव्हे. चाक मोकळे होते की नाही, हीच खरी कसोटी आहे.

यानंतर ड्रमचा व्यास आतील व बाहेरील कडेजवळ, प्रत्येकी चार दिशांना मोजतात. दोन कडांतील फरक निमुळतेपणा दाखवतो, तर एकाच कडेवरील निरनिराळ्या दिशांच्या मापांतील फरक लंबगोलपणा दाखवतो. लंबगोलपणा ०.१ ते ०.१५ मि.मी.हून अधिक असल्यास पेडलला ठोके जाणवू लागतात.

प्रमुख कारणे

चुकीचा द्रव: बाजारात ‘ब्रेक ऑइल’ म्हणून मिळणारा ग्लायकॉलवर आधारित द्रव हे खनिज तेल नव्हे. नावाने फसून इंजिन ऑइल किंवा तत्सम तेल भरल्यास नैसर्गिक रबराचे वॉशर फुगतात व ब्रेक अडकतात. असे झाल्यास द्रव बदलणे पुरेसे नसते. सर्व रबरी भाग बदलून धातूच्या नळ्याही धुवाव्या लागतात.

चिखल व पाणी: चिखलातून गाडी नेल्यावर बारीक कण ड्रममध्ये राहतात आणि मऊ लायनिंगमध्ये रुतून बसतात. त्यानंतर लायनिंग कानशीसारखे काम करते. केवळ बाहेरून पाण्याचा फवारा मारल्याने हे कण निघत नाहीत. ड्रम काढावाच लागतो.

गळती: मागच्या आसाचे ऑइल सील झिजल्यास गिअर ऑइल ड्रममध्ये येते. पुढच्या चाकांत स्टिअरिंगच्या सांध्यातील वंगण याच मार्गाने येऊ शकते. ऑइल लागलेल्या चाकाचा ब्रेक नीट धरत नाही आणि त्याचा भार उरलेल्या चाकांवर पडतो. म्हणून निळा पडलेला ड्रम एका बाजूस व खरा दोष दुसऱ्या बाजूस, असे घडू शकते.

चुकीची जुळवणी: नवे लायनिंग बसवल्यावर त्याची वक्रता ड्रमशी जुळवून घ्यावी लागते. अन्यथा केवळ मध्यभाग किंवा टोके टेकतात व तेथे ड्रम जळतो. शूच्या खालच्या खिळीची जुळवणी बहुधा राहून जाते. वरचे अंतर बरोबर असूनही शू त्यामुळे तिरका टेकतो.

सैल हब: काही सीजे गाड्यांत मागचे हब निमुळत्या शाफ्टवर चावीने बसवलेले असते. त्याचा नट सैल राहिल्यास ड्रम डगमगतो व एका कडेला झिजतो. पुढे चावी तुटण्याचाही धोका असतो.

दुरुस्ती की बदल

सौम्य चरे व अल्प लंबगोलपणा लेथवर काढता येतो. या आकाराच्या ड्रमचा व्यास मूळ मापापेक्षा एकूण १.५ मि.मी.हून अधिक वाढू देऊ नये, असा सर्वसाधारण संकेत आहे. लेथवर याच्या निम्मेच वाढवून उरलेली जागा पुढील झिजेसाठी ठेवतात. जुन्या ड्रमवर कमाल व्यास कोरलेला नसतो, म्हणून माप नोंदवून ठेवणे उपयुक्त ठरते. ड्रम हबसह लेथवर चढवावा, म्हणजे तो चाकाच्या फिरण्याच्या अक्षाशी समकेंद्री राहतो. एका आसावरील दोन्ही ड्रम समान मापाचे करावेत, नाहीतर ब्रेक लावताना गाडी एका बाजूस ओढते. आरपार तडा गेलेला, कडेपर्यंत तडा पोहोचलेला किंवा खोलवर कठीण ठिपके असलेला ड्रम वापरू नये. ड्रमच्या तड्यावर वेल्डिंग करणे धोकादायक आहे.

दक्षता

जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. त्याची धूळ श्वासावाटे गेल्यास फुप्फुसांचे गंभीर आजार होतात. ती हवेच्या दाबाने उडवू नये किंवा कोरडी झाडू नये. ओल्या फडक्याने टिपून ते फडके पिशवीत बंद करावे.

झीज टाळण्यासाठी घाट ज्या गिअरमध्ये चढावा लागतो, त्याच गिअरमध्ये उतरण्याची जुन्या चालकांची रीत आजही योग्य ठरते. चिखलातील प्रत्येक प्रवासानंतर ड्रम उघडून साफ करावेत. प्रवासात थांबल्यावर चारही हबजवळ हात नेऊन उष्णतेची तुलना करावी. स्पर्श मात्र करू नये. एखादे चाक इतरांपेक्षा स्पष्टपणे अधिक तापलेले आढळल्यास ड्रम खराब होण्याच्या कितीतरी आधी दोषाचा सुगावा लागतो.