पडल्यानंतर रेंगाळणारी गुडघेदुखी : कारणे, निदान व उपचार

प्रस्तावना :
पावसाळ्यात ओल्या पायरीवरून घसरणे, दुचाकीवरून पडणे किंवा ठेच लागून गुडघ्यावर आपटणे हे प्रसंग नित्याचेच आहेत. खरचटलेली त्वचा आठवड्याभरात भरून येते; गुडघा मात्र कित्येकदा महिनोन्महिने दुखत राहतो. जिना उतरताना कळ येते, मांडी घालून बसता येत नाही, सलग दोन तास उभे राहून शिकविल्यावर पाय जड होतो. ‘मुका मार आहे, जाईल’ असे म्हणून दुखणे अंगावर काढले जाते. अशा वेदनेची कारणे व उपचारांची दिशा स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

इजेचे स्वरूप :
मांडीचे हाड, नडगीचे हाड व वाटी यांनी गुडघ्याचा सांधा बनतो. चार प्रमुख अस्थिबंध त्यास स्थैर्य देतात, तर अर्धचंद्राकृती दोन गाद्या भार पेलतात. गुडघ्यावर थेट आपटल्यास वाटीचे हाड, तिच्या मागील कूर्चा किंवा वाटीवरील द्रवाची पिशवी दुखावते. गुडघा वाकलेल्या स्थितीत आपटल्यास मागील अस्थिबंधास इजा संभवते. पाय पिळवटल्यास गादी फाटू शकते. हाडाच्या आतील मुका मार क्ष-किरण चित्रात दिसत नाही व तो भरून येण्यास काही महिनेही लागू शकतात. ‘एक्स-रे नॉर्मल’ असूनही गुडघा का दुखतो, याचे हे एक उत्तर होय.

वेदना का रेंगाळते ?
सांध्यात सूज आली की मांडीच्या पुढील स्नायूंचे आकुंचन प्रतिक्षिप्त क्रियेने मंदावते. त्यात वेदनेच्या भीतीने रुग्ण पाय वापरणे टाळतो. परिणामी स्नायू रोडावतात, वाटीवरील नियंत्रण सुटते व साध्या हालचालीतही सांध्यावर ताण येतो. मूळ इजा भरून आली तरी हे दुष्टचक्र चालूच राहते. म्हणजेच दीर्घ विश्रांती हेच पुष्कळदा दुखणे लांबण्याचे कारण ठरते.

निदान :
पडल्यानंतर काही तासांतच गुडघा टम्म फुगणे हे सांध्यात रक्तस्राव झाल्याचे लक्षण असू शकते. दुसऱ्या दिवशी हळूहळू आलेली सूज सहसा सौम्य इजा सुचविते. कॅनडात १९९० च्या दशकात विकसित झालेल्या ‘ओटावा’ निकषांनुसार वय ५५ वा अधिक असणे, केवळ वाटीवर किंवा पायाच्या बाहेरील बारीक हाडाच्या वरच्या टोकावर दाबल्यास दुखणे, गुडघा ९० अंश न वाकणे अथवा चार पावलेही टाकता न येणे, यांपैकी एक बाब आढळल्यास क्ष-किरण तपासणी करावी.

एम.आर.आय.चा अर्थ मात्र सावधपणे लावावा लागतो. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथील पाहणीत गादी फाटलेल्या व्यक्तींपैकी ६१ टक्के व्यक्तींना मागील महिन्यात कोणताही त्रास नव्हता. पन्नाशीनंतर दिसणारी फाट पडण्यापूर्वीचीही असू शकते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या फिनलंडमधील अभ्यासात झिजेमुळे फाटलेल्या गादीवरील दुर्बिणीची शस्त्रक्रिया लुटुपुटीच्या शस्त्रक्रियेपेक्षा सरस ठरली नाही. तरुणांमधील ताज्या इजेस हा निष्कर्ष लागू होत नाही.

उपचार :
पहिले दोन-तीन दिवस भार कमी करणे, कापडात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटे ठेवणे, पट्टी बांधणे व पाय उंचावर ठेवणे हितावह असते. या काळात जोरकस मालीश टाळावे. त्यानंतर मात्र व्यायाम हाच मुख्य उपचार होय. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती ५ सेकंद दाबणे व पाय सरळ उचलणे यांपासून आरंभ करावा. पुढे खुर्चीवरून उठणे-बसणे, पायरी चढणे व सायकल चालविणे असा क्रम ठेवावा. व्यायामाने वाढलेले दुखणे दुसऱ्या दिवसापर्यंत ओसरत नसेल तर प्रमाण कमी करावे. उकिडवे बसणे काही काळ टाळावे. वेदनाशामक गोळ्या वैद्यकीय सल्ल्याविना दीर्घकाळ घेतल्यास जठर व मूत्रपिंडास अपाय होऊ शकतो.

गुडघा अडकणे, चालताना दगा देणे, पाय सरळ उचलता न येणे, तापासह लाली किंवा पोटरीस सूज येणे ही लक्षणे दिसताच विलंब न करता डॉक्टरांना दाखवावे. सहा आठवड्यांत सुधारणा नसल्यास अस्थिरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

निष्कर्ष :
रेंगाळणारी गुडघेदुखी दुर्लक्षण्याजोगी नाही, तशी ती सरसकट शस्त्रक्रियेची बाबही नाही. धोक्याची लक्षणे वेळीच ओळखणे व उर्वरित रुग्णांनी स्नायूंचे बळ चिकाटीने परत मिळविणे, यांतच तिच्या उपचाराचे सार आहे.