रन, धाव आणि ‘चालतंय की’

पावसाळ्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी धरणाची पातळी 347.50 फुटांच्या आसपास गेली की स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबानं एकेक करून उघडतात. एका दरवाजातून सेकंदाला 1428 घनफूट पाणी भोगावती नदीत पडतं. दाजीपूरच्या डोंगरांवर पडलेला, जमिनीत न मुरलेला पाऊस उतारानं धरणात येतो, त्याला इंग्रजीत ‘रनऑफ’ म्हणतात. जलसंधारणाच्या मराठी पुस्तकांत त्याचा ‘अपधाव’ झाला आहे. राधानगरीचा शेतकरी असलं काही बोलणार नाही. त्याच्या लेखी पाणी वाहून गेलं, एवढंच.

तरी अपधाव वाटतो तितका ओढूनताणून केलेला नाही. ‘रन’ आलं जुन्या इंग्रजीतल्या ‘रिनन’मधून, जुन्या नॉर्सच्या ‘रेन्ना’चा हात धरून. त्याचे दोन भाऊबंद जर्मनमध्ये आजही नांदतात: ‘रेनेन’ म्हणजे पळणं, ‘रिनेन’ म्हणजे पाणी वाहणं. संस्कृतातल्या ‘धाव्’ धातूलाही पळणं आणि वाहणं हे दोन्ही अर्थ आहेत. ‘सृ’चंही तेच, त्यातून सरिता आली आणि संसारही.

पुढं इंग्रजांनी ‘रन’ला राब राब राबवलं. तिकडं नाक ‘रन’ होतं, कपड्याचा रंग ‘रन’ होतो, कारखाना ‘रन’ करतात. निवडणुकीला अमेरिकन माणूस धावतो. ब्रिटिश मात्र आपल्यासारखा उभा राहतो. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशासाठी पीटर गिलिव्हर यांनी या एका क्रियापदावर नऊ महिन्यांहून अधिक काळ घालवला. अर्थ निघाले 645.

मराठीत ‘धाव’ शेतात शिरली. मोटेचे बैल ज्या उतारावरून खाली जात तो उतार म्हणजे धाव, आणि बैलगाडीच्या चाकावर चढवलेली लोखंडी पट्टीही धावच. मोट गेली, टायरची चाकं आली, तसे हे दोन्ही अर्थ नव्या पिढीच्या कानाआड झाले. संकटात देवाचा धावा मात्र अजून होतो, आणि क्रिकेटच्या बातमीत फलंदाज धावबाद होतो. गल्लीतली पोरं अर्थात ‘रनआऊट’वरूनच भांडतात.

‘रन’चा बाकी सगळा बोजा मराठीनं टाकला तो चालण्यावर. घड्याळ चालतं, गिरणी चालते, खटला चालतो, हॉटेल चालतं नाहीतर बसतं. ‘चल्’चा मूळ अर्थ हलणं, चंचल आणि अचल त्याचेच. एसटीचा प्रकार वेगळा. राधानगरीच्या स्टँडवर गाडी लागते, सुटते, कधी चुकते. धावते ती वर्तमानपत्रात.

कोल्हापूरकरांनी तर चालण्यातून पायच काढून टाकले. ‘चालतंय की’ म्हणणारा जागचा हलत नाही, फक्त होकार देतो. 2016 साली सुरू झालेल्या ‘तुझ्यात जीव रंगला’ या मालिकेतल्या राणादानं हे दोन शब्द महाराष्ट्रभर नेले. मालिकेबाहेर मात्र त्यांचा भाव सुरावर ठरतो. ‘की’ खणखणीत आला तर मनापासून हो. आवाज खाली आला, शेवटी ‘बघा मग’ जोडलं, तर काम मनाविरुद्ध आहे असं समजून विचारणाऱ्यानं पुन्हा एकदा विचारावं.