कुलपातली साखर

आषाढात मेढ्याला दुपार अशी उरतच नाही. वेण्णेच्या खोऱ्यात ढग उतरले, की तीन वाजताच घरात दिवा लावावा लागतो आणि वयस्कर माणसाला ओटीवर बसण्याचीही सोय राहत नाही. अशाच एका दुपारी देव्हाऱ्यामागची जागा पुसताना कंदी पेढ्यांचा रिकामा पुडा माझ्या हाती लागला. त्याच्या मागे दुसरा. सासूबाईंच्या ट्रंकेत, जुन्या लुगड्याच्या घडीत, गुळाचा मोठा खडाही निघाला. त्यांचे वय ७४, मधुमेह अकरा वर्षांचा आणि त्या सकाळची उपाशीपोटीची साखर २८६.

पेढे कुठून आले, हे विचारण्याची गरज नव्हती. जावळीच्या खेड्यापाड्यांतली बरीच कर्ती माणसे पोटासाठी मुंबईला असतात. गावी येताना साताऱ्याला उतरून कंदी पेढ्यांचा पुडा घेतल्याशिवाय त्यांचा पाय पुढे पडत नाही. येणारा आजीच्या हातावर पुडा ठेवतो, पाया पडतो आणि दोन दिवसांनी परत जातो. पुडा मात्र मागे राहतो.

मी तेव्हा केले ते बहुतेक घरांत होते तेच. साखरेचा आणि गुळाचा डबा कपाटात ठेवून कुलूप लावले व किल्ली कंबरेला अडकवली. महिनाभर सारे सुरळीत आहे, असे वाटले. मग एके दिवशी मी बाजारातून परतले, तो शेजारच्या वहिनी सासूबाईंना धरून बसलेल्या. अंगाला दरदरून घाम, हात थरथरणारे, बोलणे अडखळणारे. मधुमेहाची गोळी घेऊन त्यांनी सकाळी नीट खाल्लेच नव्हते, त्यामुळे रक्तातली साखर एकाएकी उतरली होती. वहिनींनी आपल्या घरून साखर आणून पाण्यात कालवून पाजली, म्हणून निभावले. आमच्या घरातली साखर कुलपात होती आणि किल्ली माझ्यापाशी.

हा प्रसंग सविस्तर सांगण्याचे कारण असे, की गोडाची ओढ आणि साखर उतरल्याची भूक या दोन गोष्टी बाहेरून सारख्याच दिसतात. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असलेल्या व्यक्तीला अचानक भूक लागली, घाम फुटला, छातीत धडधडले, तर त्याला हावरटपणा समजू नये. घरच्या यंत्रावर साखर मोजावी. ती ७०च्या खाली असेल, तर तीन छोटे चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यावे, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे आणि बरे वाटल्यावर थोडे खायला द्यावे. यंत्र हाताशी नसेल, तर मोजण्यासाठी थांबू नये. या वेळी पेढा कामाचा नाही, कारण त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा उतरते. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही न घालता तातडीने दवाखाना गाठावा.

त्यानंतर डॉक्टरांनी विचारलेले प्रश्न मला अनपेक्षित होते. आजी गोड किती खातात, हे त्यांनी विचारलेच नाही. कधी खातात, त्याआधी काय खाल्लेले असते आणि त्या वेळी घरात कोण असते, एवढेच विचारले. उत्तरे देताना माझी मलाच लाज वाटू लागली. कवळी हिरडीला घासत होती, म्हणून सासूबाईंनी भाकरी सोडली होती. डाळ-उसळ नावापुरती. दिवस जात होता तो चहात बुडवलेल्या बिस्किटांवर. वयानुसार जिभेची चव आणि नाकाचा वास मंदावतो, जेवण बेचव लागते. गोड आणि मऊ तेवढे सहज घशाखाली उतरते. त्यात दुपारी तीन ते सहा त्या घरात एकट्या असत आणि पेढे संपत ते याच वेळात.

राहिला प्रश्न कुलपाचा. आपल्याकडे ‘एकादशी, दुप्पट खाशी’ असे थट्टेने म्हणतात, पण त्या थट्टेत शरीराचा एक नियमच सांगितलेला आहे. १९४४–४५ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने निमपोटी ठेवले होते. त्या काळात त्यांना अन्नाखेरीज दुसरे काही सुचेना. निर्बंध उठल्यावर त्यांतले काही जण पोट भरल्यावरही खात राहिले आणि हे कित्येक आठवडे चालले. ते सारे धडधाकट, स्वखुशीने आलेले तरुण होते. मग घरातल्याच माणसांनी ज्यांच्यावर पहारा बसवला, त्या वृद्धांकडून आपण कोणत्या संयमाची अपेक्षा करतो? सासूबाई एकदा एवढेच म्हणाल्या, “अगं, खाल्ल्याचं काही नाही. माझ्याच घरात मला चोरी करावी लागते, त्याचं वाईट वाटतं.” चोरून खाणारा भराभर खातो, चवही न घेता खातो आणि नंतर स्वतःलाच दोष देत बसतो. त्या विषादातून पुन्हा गोडाकडेच हात जातो.

आम्ही कुलूप काढले. आधी कवळी नीट करून घेतली. माझ्या मते निम्मे काम तिथेच झाले. सकाळी चहाबिस्किटांऐवजी ताकातले नाचणीचे आंबील आणि एक उकडलेले अंडे. दुपारी आमटीत कुस्करलेली ज्वारीची भाकरी आणि मुगाची उसळ. चार वाजता, म्हणजे ओढ लागण्याच्या आधीच, मूठभर फुटाण्यांचे कूट ताकातून. पेढा बंद केला नाही. आठवड्यातून दोनदा, जेवण झाल्यावर, सर्वांसमोर, बशीत घेऊन एक. भरल्या पोटी खाल्लेल्या गोडाने साखर रिकाम्या पोटाइतकी झपाट्याने चढत नाही. आहार बदलताना गोळ्यांची मात्राही डॉक्टरांना विचारून तपासून घेतली. हे मनाने करू नये.

तीन ते सहाचा वेळ मात्र पदार्थांनी भरून निघणारा नव्हता. शेजारच्या दोन मुली शाळा सुटल्यावर आमच्याकडे पाढे म्हणायला येऊ लागल्या. सासूबाईंना तीसपर्यंतचे पाढे अजून तोंडपाठ आहेत!

गुळाविषयी थोडे स्पष्ट लिहिणे भाग आहे. कराडकडच्या गुऱ्हाळांतला गूळ चवीला उत्तम. त्यात थोडी खनिजे असतात, हेही खरे. पण तो मधुमेहाला चालतो हा समज चुकीचा आहे, कारण त्याचा बहुतांश भाग साखरच असतो. आणि पेढ्यांवर नजर ठेवताना चहाचा हिशेब करायचा राहून जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या, म्हणजे सुमारे सहा छोट्या चमच्यांच्या आत असणे उत्तम. कपाला दोन चमचे धरले, तर चार कप चहातच आठ चमचे होतात. आम्ही दर पंधरवड्याला कपामागे अर्धा चमचा कमी केला. पहिले दोन दिवस कुरकुर झाली, मग जीभ रुळली.

काही वेळा घरगुती उपाय पुरत नाहीत. आठवड्यातून एकदा तरी, असे तीन महिने, आवर न राहता भरमसाट खाणे, एकांतात खाणे आणि नंतर अपराधी वाटणे चालू असेल, तर तो स्वभावदोष नसून आजार असू शकतो. अमेरिकेच्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली त्याची स्वतंत्र आजार म्हणून नोंद केली आणि समुपदेशनाने तो आटोक्यात येतो. शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. स्टिरॉइडसारख्या आणि मनोविकाराच्या काही औषधांनीही भूक वाढते. आयुष्यभर गोड न आवडलेली व्यक्ती उतारवयात एकाएकी गोडावर तुटून पडू लागली आणि तिचे वागणेही बदलले, तर मेंदूच्या तपासणीला उशीर करू नये. स्मृतिभ्रंशाच्या एका प्रकाराची सुरुवात अशीही होते.

भाद्रपदात गौरी जेवल्या, त्या दिवशी सासूबाईंनी तीन पुरणपोळ्या खाल्ल्या. मुंबईहून आलेल्या नातवाने डोळे मोठे केले. मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी स्वतःच यंत्र मागून घेतले, बोटाला सुई टोचली आणि चष्मा लावून आकडा मोठ्याने वाचला, “दोनशे बारा.” मग म्हणाल्या, “आज मला भाकरीच दे. आणि चहा बिनसाखरेचा.”