पाईपाचं तोंड

जूनचा पहिला मोठा पाऊस झाला की आमच्या घरातली वीज जायची. शेजारी सगळीकडे दिवे, अंधार फक्त आमच्याकडे. आरसीसीबी पडलेली असायची. वर केली की दोन मिनिटांत पुन्हा खाली. ३० मिलिअँपिअरची गळती झाली तरी ती वीज तोडते, माणसाचा जीव वाचावा म्हणूनच ती बसवलेली असते, हे मला माहीत होतं. गळती कुठं आहे, ते मात्र दोन पावसाळे कळलं नाही. शेवटी एका वायरमनने आतल्या खोलीच्या भिंतीतली वायर ओढून बाहेर काढली. तिच्यावर हातभर लांब पांढुरकी रेघ होती. काकडीची साल निघावी तसं आवरण निघालेलं, आणि रेघेच्या टोकाला तांबं उघडं. भिंत फोडली तेव्हा दोन पाईप जोडणाऱ्या कपलरपाशी पाईपाचं तोंड सापडलं. तिरपं कापलेलं, आणि आतल्या कडेला दातासारखा वर आलेला एक टवका.

तो पाईपाचा तुकडा मी फेकला नाही. बरेच दिवस टेबलावर होता. येता-जाता बोट त्याच्यावर जायचं आणि दरवेळी टोचायचं.

पूर्णेत मावसभावाचं घर बांधायला निघालं तेव्हा तो तुकडा मी त्याला दाखवला. तो म्हणाला, "आमच्या उस्तादाचं काम बघायला ये. स्लॅबच्या आधी ये, नंतर काहीच दिसणार नाही."

पूर्णा हे रेल्वेचं गाव. मनमाड–सिकंदराबाद मार्गावरचं जंक्शन, इथूनच अकोल्याची लाईन फुटते. मीटरगेजच्या काळात इथलं निम्मं जगणं रेल्वेच्या भोंग्यावर चालायचं, असं जुनी माणसं सांगतात. आता रुळांवरून विजेच्या तारा गेल्या आहेत. स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर मावसभावाचं घर. जानेवारीतली सकाळ होती आणि थंडी चांगलीच बोचत होती. परभणीच्या कृषी विद्यापीठात हिवाळ्यात पारा एक आकडी होतो, त्या दिवसांतली. शिडीने वर गेलो तर सेंट्रिंगच्या प्लेटांवर सळयांची खालची जाळी बांधून झालेली, आणि एका कोपऱ्यात पोत्यावर बसून उस्ताद पाईप कापत होते.

उस्ताद हा शब्द आमच्या मराठवाड्यातला. निजामाच्या राजवटीतून आलेला आणि कारागिरांकडे टिकून राहिलेला. पन्नाशीचा माणूस, कानाला मफलर, हातात मुठीएवढं एक कटर. त्याच्या एका जबड्यात पोलादी चाक, समोर दोन लहान रूळ, मागे आवळायचा स्क्रू. पाईप त्यात धरायचा, स्क्रू आवळायचा, कटर पाईपाभोवती एक फेरा फिरवायचं. मग स्क्रूला पाव आटा, पुन्हा एक फेरा. चार फेरे झाले की पाईपावर केसाएवढी गोल रेघ उमटते. ती आरपार गेलेली नसते. उस्ताद कटर बाजूला ठेवायचे, रेघेच्या दोन्ही अंगांना अंगठे लावायचे, पाईप गुडघ्यावर टेकवायचा आणि एकच झटका. टक्. दोन तुकडे, आणि दोन्हींची तोंडं सरळ.

लहानपणी उसाचं कांडं आम्ही असंच मोडायचो. फरक एवढाच की ऊस पेरावर मोडतो, पेर त्याला निसर्गाने दिलेलं असतं. इथं पेर हाताने कोरावं लागतं. काच कापणारासुद्धा काच कापत नाही, हिऱ्याने फक्त एक ओरखडा काढतो आणि मग मोडतो. ठिसूळ वस्तूची ताकद तिच्या पृष्ठभागावरच्या बारीकशा भेगेवर ठरते आणि ओढ सगळी त्या भेगेच्या टोकाशी गोळा होते, हे ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने १९२१ साली काचेवरच्या प्रयोगांतून मांडलं. उस्तादांना ग्रिफिथ ठाऊक असायचं कारण नाही. ते म्हणाले, "रेघ जिकडं, तुटन तिकडं. म्हणून रेघ चुकू द्यायची नाई."

पण मी ज्याच्यासाठी पुन्हा पुन्हा त्या पोत्यापाशी येऊन बसत होतो, ते मोडणं नव्हे. ते त्याच्यानंतरचं होतं. पाईप मोडला की उस्ताद डाव्या हाताची करंगळी त्याच्या तोंडात घालायचे आणि आतल्या कडेवरून हळूच एक फेरा फिरवायचे. डोळे दुसरीकडेच असायचे, बहुतेक वेळा रस्त्यावर. करंगळी कुठं अडली की चाकू घ्यायचे, आतून कड किंचित तासायचे, पुन्हा करंगळी. मगच तो तुकडा बाजूच्या ढिगात. २० मिलिमीटरचा पाईप, त्यात करंगळी बरोबर जाते. २५ च्या पाईपाला ते दुसरं बोट वापरायचे.

"बोटाला लागलं की वायरीला लागलंच," ते म्हणाले. "एका स्लॅबात साठ काप येतेत, सर. साठातला एक बी चुकला तर चालत नाई."

साठ काप. तीन मीटरचे पाईप येतात. खोलीच्या मापाने, पंख्याच्या बॉक्सपासून भिंतीकडे, भिंतीपासून बोर्डाकडे, असे तोडत जायचे. माझ्या घरी जो दात निघाला तो अशाच साठांतला एक. बाकीचे एकोणसाठ बहुधा बरे असतील. एकाने दोन पावसाळे खाल्ले.

कापलेल्या कडेवर जो खरखरीत उंचवटा राहतो त्याला कारागीर 'बर' म्हणतात. वायर ओढताना चांगलाच जोर लागतो, आणि दीड स्क्वेअर मिलिमीटरच्या वायरीवरचं आवरण असतं जेमतेम ०.७ मिलिमीटर जाडीचं. पाईपही पीव्हीसी, आवरणही पीव्हीसी. पण पाईपातलं कडक, आणि वायरीवरचं मऊ करणारी द्रव्यं मिसळून नरम केलेलं. प्लास्टिक आहे, प्लास्टिकला काय करणार, असं वाटतं. ते इथंच फसवतं.

उस्ताद शिकले ते लोखंडी पाईपावर. त्यांचे गुरू रेल्वेतून निवृत्त झालेले एक वीजतंत्री होते. लोखंडी पाईप चाकाने कापला की त्याची कड आत वळायची आणि धार अशी यायची की बोट कापलं जाईल. म्हणून आतून कड तासणारा रिमर फिरवणं हा कामाचा भागच होता. ते केल्याशिवाय गुरू पुढचा पाईप हातात द्यायचे नाहीत. पीव्हीसी आला, वजन कमी झालं, आटे पाडायचं काम गेलं, आणि त्यासोबत रिमरही गेला. धार दिसेना म्हणून धार नाही असं लोकांनी धरलं. शिकागो शहरात आजही घराच्या वायरिंगला धातूचाच पाईप लागतो. तिथं रिमर अजून आहे. आपल्याकडे त्याची जागा उस्तादांच्या करंगळीने घेतली आहे.

त्यांच्या हाताखाली एक मुलगा होता, आयटीआयच्या तारतंत्रीच्या दुसऱ्या वर्षाला. त्याच्याकडे हेक्सा ब्लेड, निम्म्या भागाला कापड गुंडाळलेलं. उस्तादांचा एक काप व्हायच्या आत त्याचे दोन व्हायचे. पण प्रत्येक तोंडाला बुरा चिकटलेला, आणि काप कुठं ना कुठं तिरपा. तिरपं तोंड कपलरच्या तळाशी नीट बसत नाही. एका बाजूला फट राहते, आणि काँक्रीट टाकताना त्या फटीतून सिमेंटची स्लरी आत शिरून घट्ट होते. मग पाईप कायमचा बंद. पूर्णेत आणखी एक अडचण आहे, ती जमिनीची. इथली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, घराला हलवते. भिंतींना चिरा पडतात, आणि अर्धवट बसलेला जोड त्यात सुटतो.

"कामून घाई करायलास?" उस्ताद त्याला म्हणाले.

"उस्ताद, पॉइंटवर पैसे हायेत," मुलगा म्हणाला.

त्याचं खोटं नव्हतं. वायरिंगची मजुरी पॉइंटवर ठरते किंवा चौरस फुटावर. दिव्याचा पॉइंट, पंख्याचा पॉइंट, प्लगचा पॉइंट. कडेचा पॉइंट नसतो. करंगळी फिरवायला जो वेळ जातो त्याचा दर कुठल्याच कोटेशनमध्ये मी पाहिलेला नाही. पाईपाला मानक आहे, आयएस ९५३७. वायरीला आहे, आयएस ६९४. आणि घरमालक दुकानात छाप बघून, शंभर रुपये जास्त देऊन चांगला माल आणतो. मग तोच माल सर्वात कमी दर सांगणाऱ्याच्या हातात देतो. मीही तेच केलं होतं. नवीन कनेक्शनच्या वेळी परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो, मेगर लावून ५०० व्होल्टवर आवरणाची तपासणी होते. पण कोरड्या दिवसांत सोललेली वायरसुद्धा त्यातून पार होऊ शकते. पाईपाचं तोंड कुणी तपासत नाही. ते तपासायची वेळ एकच, आत्ताची, या पोत्यावरची. म्हणून उस्तादांचा दर इतरांपेक्षा जास्त आहे याची मावसभावाने माझ्याकडे तक्रार केली तेव्हा मी त्याला टेबलावरच्या तुकड्याची आठवण करून दिली.

मे महिन्यात मी पुन्हा गेलो, वरच्या मजल्याच्या स्लॅबला. या वेळी उस्ताद पहाटेच आले होते. काळे पाईप उन्हात चटका बसेल इतके तापतात. ते वितळत नाहीत, पीव्हीसी मऊ पडायला ८० अंशांच्या आसपास जावं लागतं. पण ताप चढलेला पाईप चाकाखाली दबतो, अंड्यासारखा होतो, आणि झटका दिला तर मोडण्याऐवजी वाकतो. हिवाळ्यात उलटं, रेघ उथळ राहिली तर तडा भलतीकडे पळतो. म्हणून थंडीत फेरे चार आणि उन्हाळ्यात पाईप ओल्या पोत्याखाली. सूर्य वर यायच्या आत त्यांचे बहुतेक काप झाले होते. जोडांना लावलेल्या सोल्युशनचा तो गोडसर, डोक्यात जाणारा वास सगळ्या स्लॅबवर पसरलेला. बाकीचं काम ठरलेलं, जोड बसवणं, बायंडिंग तारेने सळईला बांधणं, बॉक्स कागदाने भरणं.

नऊला मिक्सर सुरू झाला. काँक्रीट पडत असताना उस्ताद घरी जात नाहीत, स्लॅबवरच उभे राहतात. निम्मा स्लॅब भरला असेल तेवढ्यात घमेलं घेऊन येणाऱ्या एका बाईचा पाय घसरला आणि ती पाईपावर आदळली. जोडाशी तडा गेला. मुकादम ओरडला, "टेप मारा अन् चला, माल सेट व्हायलाय!" मुलाने टेप काढलीही होती.

उस्ताद खाली बसले. पायाखाली गरम सळया. फुटलेला भाग काढला, ओल्या पोत्याखालचा एक तुकडा मागवला, माप बोटांनीच घेतलं. कटर, तीन फेरे. गुडघ्यावर टेकवायला जागा नव्हती, सळईवरच टेकवला. व्हायब्रेटरच्या आवाजात ते टक् ऐकू आलं नाही. मुकादम त्यांच्या डोक्याशी उभा होता, मागे घमेल्यांची रांग थांबली होती. उस्तादांनी करंगळी आत घातली, फिरवली, थांबले. चाकू काढला. पुन्हा फिरवली.

मग त्यांनी कपलर बसवला, तार पिळली आणि बाजूला सरकले. त्या जागी घमेलं ओतलं गेलं.