काळ्या पाषाणाची साक्ष

खंडविप्लवाचा आढावा घेणारे आमचे बहुतेक लेखक वेगेनरच्या १९१२ सालच्या व्याख्यानापासून निघतात, अटलांटिकचे दोन्ही तट जुळवून दाखवितात आणि हिमालयाच्या पायथ्याशी विसावतात. तो वृत्तांत वाचकांस मुखोद्गत असल्यामुळे त्याची पुनरुक्ती मी करीत नाही. माझी तक्रार निराळी आहे. भारतभूमीच्या प्रवासाचा मोजता येण्याजोगा दाखला ज्या काळ्या पाषाणाने दिला, आणि तोही समुद्रतळ पसरतो हे जगाने मान्य करण्यापूर्वीच दिला, त्याचा या आढाव्यांत उल्लेखही नसतो.

वेरूळचे कैलास लेणे, देवगिरीचा ताशीव कडा, अजिंठ्याची वाघूर नदीची वळणदार दरी, हा आपला सारा मुलूख सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरलेल्या लाव्हाचा, म्हणजेच त्या काळ्या पाषाणाचा. तो लाव्हा निवत असताना त्यातील मॅग्नेटाइटचे सूक्ष्म कण तत्कालीन चुंबकीय क्षेत्राची दिशा धारण करून बसले. आणि त्या दिशेचा क्षितिजाशी होणारा कोन विषुववृत्तावर शून्य व ध्रुवावर काटकोन असा अक्षांशागणिक बदलत असल्यामुळे दगडाने आपले जन्मस्थान स्वतःच्याच दप्तरी नोंदवून ठेवले. भौतिकशास्त्रज्ञ ब्लॅकेट यांच्या प्रेरणेने काम करणाऱ्या क्लेग, डॉइच व ग्रिफिथ्स यांनी १९५६ मध्ये ही नोंद वाचली. पुढे डॉइच यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे यांच्यासह १९५९ मध्ये तिचा विस्तार केला. निष्कर्ष असा की, आज २० अंश उत्तरेस असलेली ही भूमी तेव्हा विषुववृत्ताच्या बरीच दक्षिणेस होती. सहस्रबुद्धे हे नाव किती मराठी शिक्षकांना ठाऊक आहे?

पुढची हकीकत सर्वविदित आहे: वर्षाला पंधरा सेंटिमीटरांहून अधिक वेगाने झालेली उत्तरयात्रा, सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीची आशियाशी टक्कर, आणि आजही चालू असलेली सुमारे पाच सेंटिमीटरांची वाटचाल. परंतु त्या टकरीचा ताण हिमालयापाशीच संपतो आणि मराठवाडा अचल आहे, असे छातीठोकपणे सांगणाऱ्या मंडळींशी माझा वाद जुना आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने त्यांना हजारो प्राणांच्या मोलाने उत्तर दिले. तेथे पुढे घेतलेल्या खोल विवरात सुमारे ३४० मीटरांखालीच काळा पाषाण संपून त्याहून कितीतरी प्राचीन खडक लागला. आमचे पठार म्हणजे त्या जुन्या, तडे गेलेल्या पायावरचे आच्छादन होय, हे तरी आता मान्य व्हावे.

पूर्वी भूशास्त्राचा विद्यार्थी हातोडा व होकायंत्र घेऊन खुलताबादचा घाट चढत असे, दोन थरांमधील तांबड्या मातीचा पट्टा बोटाने चाचपून पाहत असे. आता तो भूपट्टांची रंगीत आकृती पाठ करतो, आणि परिसरातील टेकड्या खडीयंत्रांच्या स्वाधीन होत आहेत. लेण्यांना संरक्षण आहे, ते योग्यच; पण ज्या उघड्या कड्यांत हे थर आणि त्यांमधील तांबडे पट्टे स्पष्ट दिसतात, असा घाटातील एक तरी कडा राखून तेथे मराठी फलक लावावा, आणि त्यावर १९५६ व १९५९ या सालांसह त्या संशोधकांची नावे असावीत, एवढी मागणी मी पुन्हा करतो.