वाळूतला संसार

खडकी म्हटलं की दारूगोळा कारखाना, खडकी बाजार आणि लष्कराचं मोठं आवार डोळ्यांपुढे येतं. बॉम्बे सॅपर्सचं केंद्र इथेच आहे. सॅपर म्हणजे सैन्यातले इंजिनिअर जवान. पूल बांधायचे, रस्ते करायचे, पाण्याची सोय करायची, सुरुंग पेरायचे आणि पेरलेले काढायचे, ही त्यांची कामं. ‘सर्वत्र’ हे त्यांचं ब्रीदवाक्य. खडकी, बोपोडी, दापोडी या भागात निवृत्त जवानांची बरीच घरं आहेत. बचत गटाच्या निमित्ताने माझं तिथे जाणं-येणं असतं. बायकांशी बोलताना एक वाक्य हमखास कानावर येतं, “हे कायमचे घरी आले खरे, पण बोलतच नाहीत हो!”

जवान पंधरा-वीस वर्षांची नोकरी करून निवृत्त होतो तेव्हा जेमतेम चाळिशीचा असतो. आयुष्यातली उमेदीची वर्षं तो दहा-वीस जणांच्या घोळक्यात राहिलेला असतो. घरी येतो आणि एकदम एकटा पडतो. बायकोला वाटतं, आता कुठे संसार सुरू होतोय. त्याला वाटतं, आपला संसार मागेच राहिला. आपण त्यांना विचारतो तेही सिनेमातलं. ‘बॉर्डर’ सिनेमा १९९७ साली आला. त्यामुळे १९७१ सालची लोंगेवालाची लढाई घरोघरी पोहोचली. पण वाळवंटात राहिलेल्या प्रत्येक जवानाच्या वाट्याला अशी लढाई येत नाही. त्याच्या वाट्याला येतात ते लांबच लांब दिवस.

आमच्या गटातल्या एका वहिनींचे यजमान त्यांतलेच. नाव छापू नका म्हणाले, म्हणून नुसतं दादा म्हणते. १३ डिसेंबर २००१ ला संसदेवर हल्ला झाला. त्यानंतर ‘ऑपरेशन पराक्रम’मध्ये फौजा सीमेवर गेल्या, त्यात दादा राजस्थानात होते. युद्ध काही झालं नाही. ऑक्टोबर २००२ मध्ये सैन्य मागे घ्यायचा निर्णय होईपर्यंत ते वाळूतच राहिले.

मी त्यांना विचारलं, “दादा, तिथे सकाळचा चहा कोण करायचं?” त्यावर ते हसले आणि तासभर बोलत राहिले.

जानेवारीत हाडं गोठवणारी थंडी आणि मे महिन्यात तंबूच्या खांबालाही हात लावता येऊ नये असं ऊन. पाणी टँकरने यायचं, तेही मोजून मिळायचं. एका मगात दाढी आणि तोंड धुणं उरकायचं. आंघोळ कधी मिळाली तर सणच. भांडी वाळूनेच घासायची. लंगरमध्ये, म्हणजे फौजी स्वयंपाकघरात, कितीही झाकून ठेवलं तरी वाळूचं वादळ आलं की डाळीत आणि रोटीत वाळू जायचीच. “दाताखाली कचकच झाली नाही तर जेवल्यासारखं वाटायचं नाही,” दादा म्हणाले. सकाळी बूट झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही, आत विंचू असायचा. फाटलेला शर्ट स्वतःच शिवायचा. सुई-दोऱ्याच्या त्या पुडीला फौजेत इंग्रजांच्या काळापासून ‘हाउसवाइफ’ म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. वहिनी पटकन म्हणाल्या, “म्हणजे मी इथे आणि माझी सवत तिकडे!”

दादांचा जोडीदार एक सरदारजी होता. फौजेत त्याला ‘बडी’ म्हणतात. एक झोपला की दुसऱ्याने जागायचं. दादांना ताप भरला तेव्हा त्या सरदारजीने आपल्या वाटणीच्या पाण्यात रुमाल भिजवून रात्रभर त्यांच्या कपाळावर घड्या ठेवल्या. तेव्हा जवानांकडे मोबाइल कुठला? मार्फत ५६ एपीओ एवढ्याच पत्त्यावर इनलँड यायची. ज्याला पत्र आलं त्याने ते सगळ्यांना वाचून दाखवायचं, आणि ज्याला आलं नाही त्याच्याकडे चहाचा पहिला मग द्यायचा, असा त्यांचा रिवाज होता. आमच्या वहिनींच्या पत्रातली मुलाची कांजिण्यांची बातमी अख्ख्या तंबूला माहीत होती!

फौजा परतल्या तरी सॅपर्सचं काम संपलं नव्हतं. पेरलेले सुरुंग काढायचे होते. नकाशावर प्रत्येकाची जागा लिहिलेली असते, पण वाऱ्याने वाळू सरकते आणि त्याबरोबर सुरुंगही हलतो. अशाच कामात सरदारजीचा पाय गेला. कृत्रिम पाय बसवायला त्याला पुण्यात आणलं. वानवडीचं लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून हे काम करतं. त्याची बायको पंजाबातून आली ती थेट खडकीला, वहिनींच्या दोन खोल्यांच्या घरात. तिला मराठी येत नव्हतं, वहिनींना पंजाबी. दोघी रोज पीएमटीच्या दोन बस बदलून वानवडीला जायच्या. एकीच्या डब्यात भाकरी, दुसरीच्या डब्यात पराठे. “पहिल्यांदा पाय लावून चार पावलं टाकली ना त्यांनी,” वहिनी सांगत होत्या, “तर ती रडायला लागली आणि तिला बघून मीही. ह्यांनी दोघींना दम दिला, आणि मग स्वतःच तोंड फिरवून उभे राहिले.”

हे सगळं ऐकताना मनात आलं, पाणी पुरवून वापरणं, आजाऱ्याजवळ जागणं, फाटलेलं शिवणं, उपाशी कोण राहिलं ते बघणं, ही आपली रोजचीच कामं की! तिथे पुरुषांनी ती एकमेकांसाठी केली आणि त्यातून अशी मैत्री जमली की पुढे दोन घरं जोडली गेली. घरी आल्यावर मात्र या माणसाला ‘तुम्हाला काय कळतंय स्वयंपाकातलं’ म्हणून आपणच बाहेर बसवतो. वहिनींनी ते बंद केलं. आता संध्याकाळचा चहा दादा करतात, फौजी पद्धतीने, भरपूर साखर घालून!

मैत्रिणींनो, तुमच्याही गावात, नात्यात कुणी निवृत्त फौजी असेल. त्याला लढाईचं विचारू नका. पाणी किती मिळायचं, पत्र कोण वाचायचं, जोडीदार कुठला होता, हे विचारा. आणि एक वही घालून त्यात त्या जोडीदारांची नावं, पत्ते, फोन नंबर लिहून ठेवा. आपल्यामागे पेन्शनच्या कागदांसाठी बायकोला धावपळ करायची वेळ आली, तर कुठल्या कचेरीत काय लागतं हे त्यांच्यातला कुणीतरी नक्की सांगेल. वहिनींच्या वहीत पहिलं नाव अर्थातच जालंधरचं आहे. दर दिवाळीला आणि दर वैशाखीला तिथून फोन येतो. आधी त्या दोघी बोलतात, मग नवऱ्यांची पाळी.